पुन्हा एकदा शिनोंचा हिवाळा



मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एक प्रश्न आला होता. एखादी कलाकृती एकदा उत्तम जमली, तर ती पुन्हा कशाला करायची? वेळ संपत आली होती आणि आम्ही ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणून मोकळे झालो. तुम्ही हसलात, टाळ्याही दिल्यात. घरी गेल्यावर मात्र ते उत्तर आम्हालाच टोचू लागलं. सारं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवलं आणि प्रश्नाला उत्तर दिलं ते म्हणीने! म्हणून आज एकच उदाहरण घेऊन नीट बसू. उदाहरण आहे ‘द लायन इन विंटर’.

जेम्स गोल्डमन या अमेरिकन लेखकाचं हे नाटक १९६६ साली ब्रॉडवेवर आलं. १९६८ साली अँथनी हार्वी याने त्यावर चित्रपट केला. पीटर ओ’टूल राजा, कॅथरीन हेपबर्न राणी. पटकथेसाठी गोल्डमनला आणि अभिनयासाठी हेपबर्नला ऑस्कर मिळालं. त्यानंतर पस्तीसेक वर्षांनी, २००३ मध्ये, आंद्रे कोंचालोव्स्की या रशियन दिग्दर्शकाने तीच संहिता टेलिव्हिजनसाठी पुन्हा केली. या वेळी राजा पॅट्रिक स्टुअर्ट, राणी ग्लेन क्लोज. क्लोजला गोल्डन ग्लोब मिळालं. तरीही बहुतेकांनी विचारलं ते हेच, याची गरज काय होती?

आधी गोष्ट थोडक्यात. साल ११८३, नाताळ, फ्रान्समधला शिनोंचा किल्ला. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री पन्नाशीचा आहे. थोरला मुलगा त्याच वर्षी वारला आहे, तेव्हा गादी कोणाला हा प्रश्न उघडा पडला आहे. राजाला धाकटा जॉन हवा, राणी एलेनॉरला रिचर्ड हवा, आणि मधला जेफ्री कोणालाच नको. एलेनॉर ही अॅक्विटेनची वारस, आधी फ्रान्सची राणी, नंतर इंग्लंडची. ११७३ मध्ये मुलांनी बापाविरुद्ध बंड केलं, त्यांना हिने साथ दिली, म्हणून नवऱ्याने तिला कैदेत टाकलं. सणापुरती तिला बाहेर काढलं आहे. शिवाय तिथे फ्रान्सचा तरुण राजा फिलिप आहे आणि त्याची सावत्र बहीण अॅलिस आहे. अॅलिसची सोयरीक रिचर्डशी ठरलेली, पण ती राहते हेन्रीच्या अंतःपुरात.

असा नाताळचा दरबार शिनोंला त्या वर्षी भरला नव्हता. तो गोल्डमनने रचला. माणसं खरी, वैर खरं, बंड खरं, कैदही खरी, फक्त ही एक रात्र कल्पित. ॲरिस्टॉटल म्हणतो की इतिहासकार घडलेलं सांगतो आणि कवी घडू शकेल असं सांगतो. त्या अर्थाने हे नाटक सरळ कवीच्या बाजूला बसतं. आपल्याकडे वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ मध्ये रंगमंचावर आणलं, गोल्डमनच्या चार वर्षं आधी. तिथेही शिवाजीमहाराज आणि शंभूराजे यांच्यामधलं बाप-लेकाचं नातं हाच विषय आहे, आणि गादीचा प्रश्न घराच्या उंबऱ्याच्या आत आलेला आहे. पण कानेटकरांना आपल्या पात्रांविषयी जो आदर आहे तो गोल्डमनला नाही, आणि त्याला त्याची गरजही नाही. त्याची माणसं एकमेकांना घायाळ करून स्वतःच हसतात. दिवाळीला सगळे गावी जमले आणि फराळाच्या ताटावर जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला, की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तेच इथे आहे. फक्त जमीन म्हणजे अर्धा फ्रान्स!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘रिमेक’ हा शब्दच आधी तपासला पाहिजे. ‘हॅम्लेट’ पुन्हा केलं तर आपण त्याला रिमेक म्हणत नाही, नवा प्रयोग म्हणतो. कारण संहिता ही प्रयोगाहून वेगळी वस्तू आहे असं आपण मानतो. बंदिश एकच असते, ती एका घराण्याचा गवई गातो, दुसऱ्याही घराण्याचा गातो. दुसऱ्याने पहिल्याची चोरी केली असं कोणी म्हणत नाही. मग गोल्डमनची संहिता हार्वीच्या चित्रपटाची मालमत्ता कशी झाली? तर हेपबर्नमुळे. ती इतकी चांगली उभी राहिली की संहिता आणि तिचा आवाज आपण एकच समजू लागलो. हा गोंधळ प्रेक्षकाचा आहे, दिग्दर्शकाचा अपराध नव्हे. म्हणजे कोंचालोव्स्कीला हा खेळ पुन्हा मांडण्याचा पूर्ण अधिकार होता. आमचं मागचं उत्तर इथेच चुकलं.

पण अधिकार असणं वेगळं आणि जमणं वेगळं.

‘काव्यशास्त्रा’च्या चौदाव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल सांगतो की शोकांतिकेला साजेशी कृत्यं आप्तांमध्ये घडतात. भाऊ भावाला, मुलगा बापाला, आई मुलाला मारते किंवा मारायला निघते, तिथे. मग तो प्रकार लावतो आणि त्यांतला सगळ्यांत वाईट कोणता तेही सांगतो. कोण समोर आहे हे पक्कं ठाऊक असताना मारायला निघायचं आणि ऐन वेळी मारायचं नाही, हा. अशा प्रसंगात शोकांतिका नाही, कारण दुःख घडतच नाही, असं त्याचं म्हणणं.

आणि गोल्डमनचा शेवट नेमका हाच आहे! हेन्रीला नवं लग्न करून नवे वारस हवे आहेत. अॅलिस त्याला दाखवून देते की हे तीन मुलगे मोकळे राहिले तर तिच्या लेकरांना जगू देणार नाहीत. तो तिघांना तळघरात कोंडतो. एलेनॉर त्यांना शस्त्रं पोचवते. हेन्री तलवार घेऊन उतरतो, पोटच्या मुलावर ती उगारतो आणि हात चालत नाही. समोर कोण आहे हे ठाऊक आहे, इरादा आहे, कृती नाही.

मग हे नाटक पडत का नाही? कारण ते शोकांतिकेचा आव आणत नाही. पहिल्या प्रवेशापासून सगळे बोलण्यात तरबेज आहेत. सुऱ्या निघतात, धमक्या दिल्या जातात आणि लगेच एखादा विनोद येऊन धार बोथट करतो. शेवटी तलवार खाली येते तेव्हा आपल्याला कळतं की हे लोक बोलूनच एकमेकांना मारत होते, आणि म्हणूनच प्रत्यक्ष मारू शकत नाहीत. विनोद इथे वर लावलेलं तोंडीलावणं नाही. घराला जिवंत ठेवणारी तीच एक गोष्ट उरली आहे. हार्वीच्या चित्रपटाला हे समजलं होतं. तिथे वाक्यावर वाक्य आदळतं, श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही.

कोंचालोव्स्कीने दुसरी वाट धरली. त्याने बंडाची लढाई आणि राणीचा पाडाव सुरुवातीलाच दाखवला. आम्हाला ही मोठी चूक वाटते. मूळ नाटकात राणीची कैद आपल्याला थट्टेच्या ओघात कळत जाते, त्यामुळे कोण पीडित आणि कोण पीडक याचा निकाल लागत नाही. इथे डोळ्यांनी पाहिल्यावर तो आधीच लागतो. पुढेही तो प्रत्येक घावानंतर थांबतो, चेहऱ्यावर रेंगाळतो. दुःख खरं वाटतं, पण हसू येईनासं होतं. आणि हसू गेलं की ॲरिस्टॉटलचा आक्षेप खरा ठरायला लागतो. शोकांतिकेची तयारी केली आणि शोकांत घडलाच नाही. फिलिपच्या शयनगृहातला प्रवेश पाहा. एकेक राजपुत्र पडद्याआड लपतो आणि बापाला विकायला काढतो. रचना थेट प्रहसनाची आहे. ती संथ केली की फक्त अवघडलेपण उरतं.

इथेच थांबलो असतो तर आमची म्हण शाबूत राहिली असती. पण दुसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट लक्षात आली.

१९६८ मध्ये ओ’टूल पस्तिशीचा होता. हेपबर्न साठीची. पन्नाशीचा राजा तो उत्तम ‘करतो’, पण म्हातारपण त्याच्यासाठी एक भूमिका आहे. तळघरात त्याचा हात थांबतो तेव्हा आपण म्हणतो, याने मारलं नाही. स्टुअर्ट हा चित्रपट करताना साठी ओलांडलेला होता. त्याचा हात थांबतो तेव्हा आपण म्हणतो, याला मारता येत नाही. ‘केलं नाही’ आणि ‘करता आलं नाही’ यांत नीतिशास्त्राच्या दृष्टीने केवढं अंतर आहे! पहिल्यात दया आहे. दुसऱ्यात माणसाला कळतं की आपण ज्यांना घडवलं त्यांना ना नाहीसं करता येतं, ना बदलता येतं. ती आपल्यानंतर राहणार आणि आपलं होतं ते सगळं विस्कटणार. इतिहासात तसंच झालं. ११८९ मध्ये रिचर्डने फिलिपला हाताशी धरून बापाला नमवलं, आणि हेन्री शिनोंलाच वारला.

ग्लेन क्लोजच्या बाबतीतही हेच. हेपबर्नची एलेनॉर हरताना जिंकते. क्लोजची हरते, आणि हरल्यावर पुढचा डाव मांडते, कारण डाव मांडला नाही तर कैदेत करायला काहीच नाही. ही राणी कमी दिमाखदार आहे, पण दहा वर्षं कोंडलेली बाई म्हणून अधिक पटते.

तेव्हा आमचा आजचा निकाल असा. चित्रपट म्हणून जुनाच थोर, कारण या संहितेचा जीव हास्यात आहे हे त्याने ओळखलं. नव्याने तो जीव बराचसा गमावला. पण जुन्या चित्रपटाच्या झगमगाटात जे दिसत नव्हतं, ते तळघरातल्या त्या दोन-चार मिनिटांत त्याने दाखवलं. ते आमच्या वयाच्या श्रोत्यांना लवकर दिसेल, तरुणांना कदाचित उशिरा.

प्रश्न विचारणाऱ्यांची आम्ही मागच्या खेपेला थट्टा केली, तिची भरपाई म्हणून एवढंच सांगतो. दोन्ही पाहा, पण आधी नवा पाहा आणि मग जुना. त्या क्रमाने पाहिलंत तर हेपबर्नचा आवाज कानात नसताना संहिता ऐकू येईल.

आणि ‘शिळ्या कढी’चे आमचे शब्द आम्ही मागे घेतो. निदान अर्धे.