पंचवीस किलोमीटरची दुर्बीण, बारा एकरांची दुर्बीण

नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपविषयी, म्हणजेच जीएमआरटीविषयी, एक वाक्य आपल्याकडे वर्षानुवर्षे लिहिले जाते : ‘ही दुर्बीण २५ किलोमीटर व्यासाच्या दुर्बिणीएवढी आहे.’ शाळेच्या भित्तिपत्रकात, सहलीच्या वृत्तांतात, विज्ञानदिनाच्या भाषणात ते भेटते. हे वाक्य खोटे नाही. पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे कुणाला का आठवत नाही, याचे कारण खगोलशास्त्रात सापडत नाही. ते आपल्या भूमितीच्या तासात सापडते.

आधी दुर्बिणीकडे पाहू. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात ती उभारली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ साधारण एक किलोमीटर लांब व तेवढ्याच रुंद परिसरात आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. दोन तबकड्यांमधील सर्वांत मोठे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे.

रेडिओ दुर्बिणीला दोन कामे करायची असतात. आकाशातील जवळजवळचे दोन बिंदू वेगळे ओळखणे, हे पहिले काम. ते लहरीची लांबी आणि तबकड्यांमधील अंतर यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. येथे लांबी महत्त्वाची. एकटी ४५ मीटरची तबकडी जेवढा बारकावा दाखवील, त्याच्या साडेपाचशे पटींहून अधिक बारकावा २५ किलोमीटर अंतरामुळे मिळतो. दुसरे काम म्हणजे दूरवरून येणारी अत्यंत क्षीण ऊर्जा गोळा करणे. ते तबकड्यांच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि तेथे २५ किलोमीटर हा आकडा कामाचा नाही.

हिशेब करून पाहू. एका तबकडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौरस मीटर. तीस तबकड्यांचे मिळून सुमारे ४७,७०० चौरस मीटर, म्हणजे बारा एकरांना थोडे कमी. प्रत्यक्षात उपयोगी पडणारे क्षेत्रफळ याहूनही कमी असते. खरोखरच २५ किलोमीटर व्यासाची एक तबकडी असती, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ४९१ चौरस किलोमीटर झाले असते. जीएमआरटीचे क्षेत्रफळ त्याच्या दहा हजारांश भागाएवढेही नाही. म्हणजे बारकाव्याच्या दृष्टीने ही दुर्बीण २५ किलोमीटरची, तर ऊर्जा गोळा करण्याच्या दृष्टीने बारा एकरांची. तबकड्या दूरदूर ठेवून, प्रचंड क्षेत्रफळ न बांधताही लांबीचा लाभ मिळवायचा, हेच तर या रचनेतील शहाणपण आहे! अर्धे वाक्य सांगणारा नेमके तेच गाळतो.

आता वर्गात येऊ. आपण लांबी शिकवतो, मग क्षेत्रफळ, मग घनफळ. प्रत्येक वेळी एक सूत्र देतो आणि एककांचा जिना पाठ करून घेतो. उत्तरापुढे ‘चौ. सेमी’ लिहिले नाही तर अर्धा गुण कापतो. यातून विद्यार्थी एकच गोष्ट शिकतो : एकक म्हणजे उत्तराला जोडायचे शेपूट. चौरस सेंटिमीटर हा स्वतःच एक छोटा तुकडा आहे, तो पृष्ठभागावर ठेवून मोजायचे असते, हे त्याच्या हाताला कधी कळत नाही. मग १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, तेव्हा १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर, असे तो निर्धास्तपणे लिहितो. ते १०,००० असतात. ‘तीन चौरस मीटर’ आणि ‘तीन मीटर बाजूचा चौरस’ यांत तिपटीचा फरक आहे, हेही त्याला जाणवत नाही.

ही चूक परीक्षेपुरती राहत नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, १,०८९ चौरस फूट. अर्ध्या गुंठ्याचा चौरस तुकडा किती फूट बाजूचा? बहुतेक जण साडेसोळा म्हणतील. पण साडेसोळा फुटांच्या चौरसात पाव गुंठाच बसतो. अर्ध्यासाठी बाजू सव्वातेवीस फुटांहून थोडी अधिक हवी. पैसे अर्ध्या गुंठ्याचे मोजले आणि जागा पावच मिळाली, तर तो गणिताचा धडा फार महाग पडेल.

‘ब्रास’ हा शब्द पाहा. वाळू किंवा मुरमाचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलाव्याचा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. एकच शब्द घनफळालाही आणि क्षेत्रफळालाही! गवंड्याचा घोटाळा होत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे ढीग किंवा भिंत असते. आपल्या विद्यार्थ्यापुढे फक्त शब्द असतो.

धरणांच्या बातम्यांत येणारा ‘टीएमसी’ही असाच कोरा राहतो. हजार दशलक्ष घनफूट म्हणजे बाजू हजार फूट असलेला एक घन, एवढे सांगितले की आकडा आकार घेतो. माणिकडोह किंवा येडगावच्या साठ्याची बातमी मग वाचता येते.

यावर उपाय खर्चिक नाही. सूत्र सांगण्याआधी आठवडाभर मोजू द्यावे. जुन्या वर्तमानपत्रांचा एक चौरस मीटर कापून वर्गाची जमीन झाकावी. मैदानावर दोरीने एक गुंठा आखून त्यात सर्वांनी उभे राहावे. मग विचारावे : या गुंठ्यावर एक ब्रास मुरूम पसरला तर थर किती जाड होईल? (जेमतेम एक इंचाहून थोडा जास्त.) येथे १० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? (सुमारे हजार लिटर, म्हणजे घरावरची एक टाकी.) पावसाची लांबी, जमिनीचे क्षेत्रफळ आणि पाण्याचे घनफळ एकाच प्रश्नात भेटतात.

आणि खोडदची सहल निघाली, तर निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न द्यावा : ‘ही दुर्बीण केवढी मोठी?’ परत आल्यावर ज्याने दोन उत्तरे आणली आणि दोन्हींची एकके वेगळी का, हे सांगितले, त्याला भूमिती समजली असे खुशाल मानावे.