‘हैदर’मधील गझाला : ना सुहागन, ना बेवा

विशाल भारद्वाज यांच्या ‘हैदर’ (२०१४) या चित्रपटावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेकांनी ती बापाचा सूड घेऊ पाहणाऱ्या मुलाची कथा मानली. आम्हाला मात्र ती त्याच्या आईची, गझालाची कथा वाटते. तिला कथेत न्याय मिळाला का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वर बेतलेली ही पटकथा भारद्वाज आणि काश्मिरी पत्रकार बशारत पीर यांची आहे. काळ १९९५ चा. डॉ. हिलाल मीर एका आजारी अतिरेक्याला उपचारासाठी घरी आणतात. लष्कराची झडती येते, डॉक्टरांना नेले जाते, घर उडवून दिले जाते. अलिगढहून परतलेल्या हैदरला आई दिसते ती चुलता खुर्रमच्या सहवासात, हसताना.

मूळ नाटकातला बाप मेलेला आहे. मुलाची तक्रार आहे ती आईने लग्नाची घाई केल्याची. इथे नवरा बेपत्ता आहे. मय्यत नाही, जनाजा नाही, म्हणून इद्दतही सुरू होत नाही. अशा बाईला काश्मिरात ‘हाफ विडो’, आधी बेवा म्हणतात. तिने रडावे तर नवऱ्याचे अशुभ चिंतिले, हसावे तर बेवफाई केली. तब्बूने हा पेच संवादांपेक्षा नजरेतून अधिक सांगितला आहे.

चित्रपटातले खरे गुपित उत्तरार्धात उघड होते. घरात अतिरेकी असल्याचे गझालानेच भीतीपोटी खुर्रमला कळवले होते. दीर मुखबिर आहे, हे तिला ठाऊक नव्हते. गद्दारी खुर्रमची, पण तिचा भार वाहते गझाला. घराच्या काळजीने उचललेले पाऊलच घराच्या मुळावर येते. ‘हॅम्लेट’मधल्या आईचा दोष किती, हे नाटकात धूसरच राहते, इथे तो नेमका दाखवला आहे. हे या रूपांतराचे मोठे यश आहे.

आमची तक्रार शेवटाबद्दल आहे. गझाला अंगावर स्फोटके बांधून कब्रस्तानात येते आणि स्वतःला संपवते. मुलगा सूड सोडून निघून जातो. आईला मात्र मरणाखेरीज वाट ठेवलेली नाही. प्रत्यक्षात अशा बाया जगल्या. मुले वाढवली, छावण्यांचे आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. मुलाच्या शोधात निघालेल्या परवीना आहंगर यांनी १९९४ मध्ये बेपत्तांच्या कुटुंबीयांची संघटना उभारली. अशी जिद्द गझालाच्या वाट्याला का येऊ नये?

वाट आपल्या फिकहमध्येही होती. पारंपरिक हनफी मतात बेपत्ता नवऱ्याची वाट पाहण्याची मुदत फार लांब. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन स्त्रियांची सुटका सुचवली. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने चार वर्षे पत्ता नसलेल्या पतीपासून फस्ख मागण्याचा हक्क दिला. काश्मिरातल्या वेगवेगळ्या मसलकांच्या उलेमांनी चार वर्षांनंतर पुनर्विवाहाची मुभा एकमुखाने सांगितली ती डिसेंबर २०१३ मध्ये. १९९५ च्या गझालाला तिचा काय उपयोग!

गझाला चित्रपटात शाळामास्तरीण आहे, आणि आम्हीही त्याच पेशातले. प्रवेशाच्या दिवसांत एखादी आई ‘वडील’ या रकान्यापाशी थबकते. नवरा कमाईसाठी गेला आणि खबर नाही. काय लिहू, असे ती विचारते. मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. अशा वेळी आम्हाला खुर्रमपेक्षा त्या कुजबुजीची भीती वाटते.

‘हैदर’ जरूर पाहावा. पण गझाला हसते त्या प्रसंगी तिचा हिशेब मांडण्याची घाई करू नये. तो हिशेब मांडण्याआधी, तिचा नवरा कुठे आहे याचे उत्तर तिला कुणीतरी द्यायला हवे होते.