निवडक अण्णा भाऊ आणि सगळे अण्णा भाऊ

एखादा लेखक आवडला की त्याची सगळी पुस्तके वाचावीशी वाटतात. ही भूक प्रत्येक वाचकाच्या ओळखीची आहे. पण वस्तीत वाढलेल्या वाचकाची ही भूक सहजासहजी भागत नाही. त्याला पुस्तक मिळते ते कुणाकडून तरी मागून, पाने सुटलेले, कधी मुखपृष्ठही नसलेले. त्या लेखकाने आणखी काय लिहिले आहे, हे सांगणारे घरात कुणी नसते.

अण्णा भाऊ साठे माझ्या हाती आले ते 'फकिरा'तून. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी. वि. स. खांडेकरांची तिला प्रस्तावना आहे, १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार तिला मिळाला आहे, आणि लेखकाने ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडत असताना धान्य लुटून आणणारा आणि आपल्या माणसांचा छळ थांबावा म्हणून स्वतः इंग्रजांच्या हवाली होणारा फकिरा मी दोन रात्रींत वाचला. मांगवाड्यातला माणूस मराठी कादंबरीचा नायक होतो आणि कुणाच्या दयेवर जगत नाही, हे मला नवे होते. मग सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात मांडलेली पुस्तके धुंडाळणे, रद्दीच्या दुकानात ढीग उपसणे, मित्रांच्या कपाटांवर डोळा ठेवणे हा छंदच जडला. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे आणि एक प्रवासवर्णन. एवढे सगळे दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने लिहिले आहे.

हा लेखक सगळा का वाचायचा? उत्तम तेवढे वाचावे, बाकीचे सोडून द्यावे, असे जाणकार सांगतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ही निवड कोण करतो आणि कशासाठी करतो, हे विचारल्याशिवाय ती मान्य करता येत नाही.

प्रस्थापित समीक्षेने अण्णा भाऊंची निवड केली ती 'फकिरा' आणि 'स्मशानातील सोनं' या दोन नावांपुरती. दलित लेखकाला वाङ्मयाच्या इतिहासात एका पुस्तकाची जागा द्यायची आणि बाकीच्या लेखनावर 'लोकप्रिय' असा शिक्का मारून ते बाहेर ठेवायचे, ही या समीक्षेची रीत आहे. पांढरपेशा लेखकाच्या सामान्य कादंबरीतही तिला 'विकासाचा टप्पा' दिसतो. अण्णा भाऊंच्या सामान्य कादंबरीत मात्र फक्त सामान्यपणा दिसतो.

पण निवड करण्यात आपणही मागे नाही. डाव्या चळवळीला १९४३ सालच्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याचे आणि लाल बावटा कलापथकाचे अण्णा भाऊ हवे असतात. आंबेडकरी चळवळीला 'फकिरा'च्या अर्पणपत्रिकेचे आणि १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करणारे अण्णा भाऊ हवे असतात. कुणाला ते १ ऑगस्टच्या मिरवणुकीपुरते, एका जातीचे म्हणून हवे असतात. प्रत्येकाने आपल्या मापाचा तुकडा कापून घेतला आहे. सगळी पुस्तके वाचणाऱ्याला मात्र हे तुकडे वेगळे करता येत नाहीत. पोवाड्यातला कामगार आणि कादंबरीतला मांग हे त्याला एकाच लेखणीतून उतरलेले दिसतात.

एक उदाहरण देतो. 'स्मशानातील सोनं'मधला भीमा वारणाकाठचा. पोटासाठी मुंबईला येतो, उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते आणि तो स्मशानातल्या राखेत, मग पुरलेल्या मढ्यांच्या अंगावर सोने शोधू लागतो. शेवटी एका मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि तो ती कायमची गमावतो. ही कथा एकटी वाचली तर भीषण वाटते आणि भीषणतेची दाद देऊन वाचक मोकळा होतो. 'फकिरा'च्या शेजारी ठेवून वाचली की ती निराळी होते. दोघेही वारणेच्या मातीतले, दोघांच्याही अंगात डोंगर फोडण्याची ताकद, दोघांपुढेही भूक. पण फकिराच्या पाठीशी वाडा आहे, सोबती आहेत, आसरा देणारे डोंगर आहेत. म्हणून त्याची लूट बंड ठरते. भीमाच्या पाठीशी मुंबईत कुणी नाही. तीच ताकद प्रेतांशी झुंजण्यात वाया जाते. गावाकडून शहरात येताना दलिताने काय गमावले, हे अण्णा भाऊंनी कुठल्या भाषणात सांगितलेले नाही. त्यांच्या दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत ते वाचावे लागते.

त्यांच्या स्त्रियांचेही तसेच. 'वैजयंता' तमाशातल्या कलावंतिणीची, 'चिखलातील कमळ' देवाला सोडलेल्या मुरळीची, 'चित्रा' मुंबईच्या देहबाजाराकडे ढकलल्या गेलेल्या मुलीची कादंबरी. एकेक वाचली तर करुण कहाणी वाटते. ओळीने वाचल्या की एक प्रश्न सतत पुढे येतो: बाईच्या देहावर कला, धर्म आणि बाजार यांनी हक्क सांगितला असताना तिची अब्रू ठरवणार कोण? 'माकडीचा माळ'मध्ये भटक्यांची पालेच्या पाले कादंबरीत उतरतात. 'बरबाद्या कंजारी'त बाप मुलीसाठी जातपंचायतीशी भांडतो. आपल्याच जमातीतल्या जुलमाकडे अण्णा भाऊंनी पाठ फिरवलेली नाही. निवडक अण्णा भाऊ वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

सगळे वाचल्यावर दोषही दिसतात, आणि ते झाकण्याचे कारण नाही. नायिकेच्या रूपाचे वर्णन अनेक कादंबऱ्यांत एकाच साच्यातून निघते. खलनायक पहिल्या पानापासून खलनायकच असतो. शेवट घाईने उरकलेला वाटतो. लेखणीवर पोट असलेल्या, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहणाऱ्या लेखकाला पुन्हा पुन्हा खर्डा करायची उसंत किती मिळाली असेल, याचा विचार समीक्षकाने जरूर करावा. पण त्या विचाराने कच्ची कादंबरी पक्की होत नाही. अण्णा भाऊंना दयेची समीक्षा नको. पूर्ण वाचून केलेली कठोर समीक्षा हा त्यांचा हक्क आहे, आणि ती आपल्याच माणसांनी आधी केली पाहिजे.

१९९८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे 'निवडक वाङ्मय' प्रसिद्ध केले. ते काम मोलाचे होते, त्यामुळे कितीतरी वाचकांना वाट सापडली. २०२० साली जन्मशताब्दी झाली, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. पुतळ्याला हार घालणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांची चार पुस्तके वाचली आहेत, हे आपण आपल्याच वस्तीत विचारून पाहावे. वस्तीतल्या प्रत्येक वाचनालयाने यंदाच्या वर्गणीतला एक वाटा बाजूला काढावा, मिळतील ती पुस्तके एकेक करून जमवावीत, पहिल्या आवृत्तीचे साल तपासून त्यांची यादी भिंतीवर लावावी. 'फकिरा' वाचून जाग्या झालेल्या पोराने पुढचे पुस्तक मागितले, तर ते त्याला त्याच दिवशी मिळाले पाहिजे.