एकरंगी नकाशा आणि मराठ्यांची सीमा : 'एम्पायर: टोटल वॉर' या खेळाची एक समीक्षा

संगणकावरील डावपेचांच्या एका प्रकारच्या खेळांत सर्व पक्ष आळीपाळीने चाल करतात. चाली मोजक्या आणि पैसाही मोजका. त्यामुळे जे सैन्य नवा मुलूख घेण्यासाठी पुढे पाठवावे, ते मागची वेस राखण्यासाठी उरत नाही. या खेळांची सारी गोडी या एका अडचणीत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ही अडचण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एम्पायर: टोटल वॉर' या खेळात मराठ्यांच्या वाट्याला कशी आली आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. महाविद्यालयीन नियतकालिकात खेळाची समीक्षा कशासाठी, असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. चित्रपटांनाही तो एके काळी विचारला गेला होता. शिवाय, मराठ्यांना जगभरच्या खेळाडूंसमोर ठेवणाऱ्या मोजक्या कृतींपैकी ही एक असल्याने तिने काय सांगितले हे तपासणे इतिहासाच्या अध्यापकाला टाळता येणार नाही.

प्रश्न मात्र खेळांहून फार जुना आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावच्या पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या या कामातून इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. तेथे धान्यकोठार सापडले, त्याच्या शेजारी मुखियाचे मानले गेलेले पाच खोल्यांचे घर सापडले, पाण्याचा पाट सापडला आणि दगडगोट्यांच्या पायावरची मातीची भिंतही सापडली. ती भिंत शत्रूसाठी की घोडच्या पुरासाठी, हा प्रश्न विचारता येतो. पाट खणणारे आणि भिंत रचणारे हात तेच होते, हे मात्र निश्चित. आणि खेळातील पहिल्या पन्नास चालींचा पेच नेमका हाच असतो. उत्तर जोर्वे काळात प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर वसती उठली. ढवळीकरांनी त्याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. भिंतीला त्यावर इलाज नव्हता.

विस्ताराला किंमत असते, हे खेळांनाही हळूहळू उमगले. 'सिव्हिलायझेशन' मालिकेच्या तिसऱ्या भागात (२००१) राजधानीपासून दूरच्या नगरांचे उत्पन्न भ्रष्टाचार खातो. चौथ्या भागात (२००५) नगरांची संख्या आणि अंतर यांनुसार देखभालीचा खर्च चढतो. अति जिंकणारा राजा दिवाळखोर होतो आणि त्याचे सैन्य विरघळू लागते. सहाव्या भागाच्या २०१८ मधील पुरवणीत निष्ठेची कल्पना आली. शेजारच्या परक्या लोकवस्तीच्या ओढीने जिंकलेले नगर फुटून जाते. या तिन्हींपैकी चौथ्या भागाची मांडणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तीत पराभव शत्रूच्या आधी हिशेबाच्या वहीतून येतो.

'एम्पायर'मध्ये मोहिमेचा नकाशा आळीपाळीच्या चालींनी चालतो. खेळ १७०० मध्ये सुरू होतो आणि वर्षाला दोन चाली मिळतात. प्रत्येक प्रांताला एकच राजधानी असते. ती घेतली की सारा प्रांत घेणाऱ्याच्या रंगाचा होतो. सेनापतीला किल्ला बांधता येतो, पण प्रांताची मालकी किल्ल्यावर ठरत नाही. येथेच या खेळाची बैठक मराठ्यांच्या इतिहासाशी विसंगत होते. १७०० मध्ये औरंगजेबाने सातारचा किल्ला घेतला. पुढच्या पाच वर्षांत पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले एकामागून एक त्याच्या हाती गेले. खेळाच्या नियमाने मराठे संपावयास हवे होते. प्रत्यक्षात ताराबाईंच्या काळात मराठी फौजा माळव्यात आणि गुजरातेत उतरल्या आणि गेलेले किल्लेही परत येऊ लागले. चढाई हाच तेव्हा बचाव होता. एका बाबतीत खेळ नकळत बरोबर ठरतो. त्यात शेवटचा प्रांत हाती असेपर्यंत राज्य जिवंत राहते. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेली जिंजी १६८९ मध्ये रायगड पडल्यावर राजारामांना उपयोगी पडली, ती याच न्यायाने.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. 'एम्पायर'मधील सैन्याला पगार लागतो, दाणागोटा लागत नाही. थंडीने आणि उन्हाने फौज झिजण्याची सोय याच मालिकेतील २०१० च्या 'नेपोलियन'मध्ये आली. त्यामुळे मूळ खेळात पानिपत घडूच शकत नाही. १७५८ मध्ये मराठे लाहोरास पोहोचले. त्या मोहिमेने खजिना भरण्याऐवजी कर्ज वाढले आणि पंजाबात टिकाऊ बंदोबस्त उभा राहिला नाही. १७५९ च्या अखेरीपर्यंत अब्दालीने तो मुलूख परत घेतला. पुढे ऑक्टोबर १७६० मध्ये यमुना ओलांडून त्याने भाऊसाहेबांचा दिल्लीकडील मार्ग तोडला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज रणात उतरली. खेळाडूला यातले फक्त रणांगण भेटते.

आणि चौथाईचे काय? १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई व सरदेशमुखीचा हक्क मिळाला, तेव्हा त्या सुभ्यांचा धनी मराठा झाला नव्हता. एकाच गावात निजामाचा अंमलदार आणि मराठ्यांचा कमाविसदार, दोघेही वसुलीस येत. माळव्यात तर वसुली आधी स्थिरावली आणि बादशाही सनद १७४१ मध्ये मागाहून आली. अशा मुलखाची सीमा कोठे आखावी? 'एम्पायर'मध्ये मांडलिक राज्ये आहेत, खंडणीचे करार आहेत. पण एका प्रांतावर दोन धनी हे त्याच्या हिशेबात बसत नाही. दोष केवळ परदेशी रचनाकारांना देता येणार नाही. अटकेपासून कटकेपर्यंत एकच भगवा रंग भरलेला नकाशा आपणही वर्गाच्या भिंतीवर लावतो आणि विद्यार्थी तो रंग अखंड सत्तेचा समजतो.

मराठ्यांवर नव्याने खेळ रचणाऱ्याने प्रांताच्या मालकीऐवजी वसुलीचा वाटा हे मोजमाप धरावे, असे सुचवावेसे वाटते. चौथाई देणारा मुलूख चाल करणाऱ्याला पैसा देईल, पण तेथे फौज न गेल्यास पुढच्या हंगामात तो पैसा थांबेल. दसऱ्याला बाहेर पडलेली फौज पावसाळ्यापूर्वी परतवावी लागेल, आणि ती दूर असताना पुण्यावर कोणी चालून आले तर घरच्या किल्लेदाराकडे कोठारात दाणा किती आहे, यावर डाव ठरेल.