लाकडी बैलाच्या उंचीवरून

मला दिलेला विषय आहे, लहान मुलांना छायाचित्रणाची गोडी कशी लावावी. खरं सांगायचं तर गोडी लावण्याची चिंता मला वाटत नाही. घरात मोबाइल उघडा सापडला की चार वर्षांचं पोट्टंही कॅमेरा सुरू करतं आणि पंख्याचे चाळीस फोटो काढून ठेवतं. संध्याकाळी आपण ते बघतो, "काय कचरा करून ठेवला बे!" म्हणतो आणि पुसून टाकतो. मला बोलायचंय ते या पुसण्याबद्दल. मुलाचा कोणता फोटो ठेवायचा आणि कोणता काढून टाकायचा, हे कोण ठरवतं? मुलांच्या छायाचित्रांवर जगात जे काही नावाजलं गेलंय, ते मी याच प्रश्नावर तपासून बघणार आहे.

पण सुरुवात कळमेश्वरातूनच करू. मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, दुसऱ्या रघुजीराजांपासून ही रीत आली असं सांगतात. चाकं लावलेला लाकडी नंदी, त्याला झूल, बेगड, शिंगांना रंग आणि घरोघर फिरून मिळणारा बोजारा. या दिवसाचे फोटो आठवून बघा. मुलगा शिवाजी महाराज झालेला, मुलगी झाशीची राणी. दोघंही कॅमेऱ्याकडे बघताहेत, कारण बाबा "इकडे बघ, इकडे" म्हणून ओरडताहेत. फोटो पाच-साडेपाच फुटांवरून काढलेला, त्यामुळे मुलाचा फेटा मोठा आणि पाय लहान. आणि ज्याच्यासाठी सण आहे तो बैल? तो खालच्या कडेला अर्धा कापलेला. दोरी मुलाच्या हातातून निघते आणि फोटोबाहेर जाते.

आता समजा त्या मुलानंच फोटो काढला, तर काय दिसेल? अंदाज करायची गरज नाही, असा एक फोटो शंभर वर्षांहून जुना आहे. फ्रान्समधला झाक आंरी लार्तीग, जन्म १८९४. घर गडगंज श्रीमंत. वडिलांनी सात-आठ वर्षांच्या या मुलाला कॅमेरा दिला. १९०५ साली, म्हणजे अकराव्या वर्षी, त्यानं स्वतःच्या खोलीतल्या खेळण्यातल्या मोटारींचा फोटो काढला. कॅमेरा जमिनीलगत. त्यामुळे त्या बोटभर मोटारी शर्यतीला निघाल्यासारख्या मोठ्या दिसतात. कोणी मोठा माणूस त्या खोलीत आला असता तर त्यानं मुलाचा फोटो काढला असता, हातात एक मोटार देऊन. मुलाला स्वतःचा चेहरा नको होता, त्याला मोटारी हव्या होत्या. आपल्या लाकडी बैलाला अजून असा फोटो मिळालेला नाही.

लार्तीगची गोष्ट इथं थांबवली तर ती फार गोड होईल, आणि तशी ती झालीही. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता आणि जगाला तो सापडला तो 'निरागस बालक' म्हणून. कोणी न शिकवता, सहज, देवदत्त. पुढे केव्हिन मूर नावाच्या अभ्यासकानं ही समजूत चांगलीच खरवडली. लार्तीगचे वडील स्वतः हौशी छायाचित्रकार होते, घरात भारी कॅमेरे होते, मुलाला तंत्र शिकवायला माणूस हाताशी होता. मला हे महत्त्वाचं वाटतं. "मुलांना काही शिकवू नका, त्यांना फुलू द्या" असं म्हणणारे आपल्याकडेही खूप आहेत. त्यात फुकटची सोयही असते, आपल्याला काही करावं लागत नाही. लार्तीगला यंत्र शिकवलं गेलं होतं. काय सुंदर मानायचं, ते मात्र त्याच्या खेळातून आलं.

आपण बरोबर उलटं करतो. चित्रकलेत काय झालं ते बघा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला 'निसर्गचित्र' काढ म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी, आभाळात इंग्रजी एमसारखे पक्षी. अहो, कळमेश्वरच्या मुलानं असे डोंगर पाहिले कधी? इथं संत्र्याच्या बागा आहेत, कपाशी आहे, एमआयडीसी आहे, गावाला लागून दिल्ली-चेन्नईची रेल्वेलाइन आहे. चित्रात त्यातलं काहीच येत नाही, कारण बक्षीस डोंगराला मिळतं. मोबाइलवरच्या छायाचित्र स्पर्धांचं आता तेच होतंय. मावळता सूर्य तळहातावर धरलेला, पानावरचा दवबिंदू, सुरकुतलेल्या आजीचा काळापांढरा चेहरा. आठ वर्षांचं मूल आपल्या आजीकडे 'सुरकुत्या' म्हणून बघत नाही. त्याला आजीची मांडी माहीत असते, पदराची गाठ माहीत असते. त्या गाठीत पैसे असतात!

या बाबतीत मला सर्वांत जास्त पटलेलं काम वेंडी युवाल्ड या अमेरिकन छायाचित्रकर्तीचं. १९७५ च्या सुमारास ती केंटकी राज्यातल्या कोळसाखाणींच्या डोंगराळ भागात शाळकरी मुलांबरोबर काम करू लागली. साधे कॅमेरे. मुलं फिल्म स्वतः धुवायची, प्रिंट स्वतः काढायची. विषय चार: मी, माझं कुटुंब, माझी जनावरं आणि माझी स्वप्नं. शेवटचा विषय बघा. स्वप्नाचा फोटो कसा काढणार? तो रचावाच लागतो. एका मुलानं मित्राला झाडाच्या फांद्यांच्या बेचक्यात डोळे मिटून पडायला लावलं, कारण आपण त्या मित्राला ठार मारलं असं स्वप्न त्याला पडलं होतं. असा फोटो कुठल्याही बालदिनाच्या स्पर्धेत बाद झाला असता. 'पोरट्ट्याच्या डोक्यात काय भरलंय' म्हणून घरी निरोपही गेला असता. युवाल्डनं तो जपला, आणि १९८५ च्या तिच्या पुस्तकात असे फोटो मुलांच्या नावांसकट, मुलांच्या बोलण्यासकट आले. पुढे ती गुजरातेतल्या विछिया गावातही असंच काम करून गेली.

आणि आता तो सिनेमा, ज्याचं नाव या विषयावर हमखास निघतं. झाना ब्रिस्की आणि रॉस कॉफमन यांचा 'बॉर्न इंटू ब्रॉथेल्स', २००४. कोलकात्याच्या सोनागाचीतल्या मुलांना ब्रिस्की कॅमेरे देते, वर्ग घेते. २००५ मध्ये त्याला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. सिनेमा बघताना डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही आलं. पण पाणी कशामुळे येतं ते तपासायला हवं. फोटोंमुळे येत नाही. 'ही मुलं या नरकातून सुटतील का' या ताणामुळे येतं. सिनेमाची सगळी गती तिकडे आहे: शाळांचे अर्ज, वसतिगृहं, तपासण्या, पासपोर्ट. मुलांच्या आया बहुतेक वेळा आरडाओरडा करताना दिसतात. सोनागाचीतल्या बायकांची स्वतःची संघटना, दुर्बार महिला समन्वय समिती, तेव्हा कित्येक वर्षं तिथं काम करत होती. सिनेमात तिचा पत्ता नाही. म्हणजे सोडवणारी एकटी बाहेरून आलेली बाई, आणि फोटो हे सुटकेचं तिकीट. माझा आक्षेप त्या बाईच्या हेतूवर नाही. तिनं बरीच वर्षं तिथं घालवली, पैसे उभे केले. आक्षेप असा आहे, की मुलाचा फोटो आपल्याला हवं ते सिद्ध करण्यासाठी वापरला गेला की मुलाचं बघणं मागे पडतं. हे भल्या माणसांकडूनच होतं.

गंमत म्हणजे याचं उत्तर त्याच सिनेमात आहे. मुलं जमिनीवर गोल बसलीत, समोर सगळ्या फोटोंचे बारीक ठसे असलेले कागद, हातात भिंग. कोणता घ्यायचा यावर चर्चा. एक म्हणतो हा, दुसरी म्हणते त्यात हात हललाय. कोणी कोणाची कीव करत नाही. पुढे त्यातला अविजित आम्स्टरडॅमला जातो, तिथल्या प्रदर्शनातल्या एका फोटोसमोर उभा राहतो आणि सांगतो, की हे बघायला जड जातं तरी बघायला हवं, कारण ते खरं आहे. हे बोलणारा मुलगा नुसती बटणं दाबून तयार झालेला नाही, तो त्या भिंगातून तयार झालाय. पण भिंगाचे हे प्रसंग सिनेमात किती थोडे! मला तासभर तेच बघायला आवडलं असतं.

म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी काय करावं असं कोणी विचारलं, तर मी महागडा कॅमेरा सांगणार नाही. १९०० साली कोडॅकनं 'ब्राउनी' नावाचा पुठ्ठ्याचा डबा मुलांसाठी काढला, किंमत एक डॉलर, आणि एका रोलमध्ये सहाच फोटो. आपल्याकडच्या साठी उलटलेल्यांना आगफाचा क्लिक थ्री आठवत असेल. रोलमध्ये बारा. बारा संपले की संपले, त्यामुळे तेराव्यांदा बघताना मन आधी विचारायचं, 'काढू की नको?' मोबाइलमध्ये ही अडवणूक नाही, ती आपण घालू शकतो. दिवसाला बारा. पुसायचं नाही. ज्याचा फोटो काढायचा त्याला विचारायचं. आठवड्यानं मुलाबरोबर बसायचं आणि त्यानं त्यातला एक निवडायचा. आपण फक्त 'हाच का?' एवढं विचारायचं. उत्तर 'असंच' आलं तरी चालेल, पाचव्या आठवड्याला वेगळं येईल. डोकं कापलं गेलं असेल तर लगेच चूक म्हणायची नाही. कदाचित त्याला चप्पलच हवी होती. चुकून कापलं असेल, तर मात्र कॅमेरा कसा धरायचा ते नीट शिकवायचं. तेवढं आपलं काम आहेच.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला एखाद्या शाळेनं किंवा मंडळानं हे करून बघावं. सजावटीची बक्षीसं द्यायची ती द्या. शिवाय दहा मुलांकडे फोन द्या, बारा-बारा फोटो, आणि प्रत्येकानं निवडलेला एक छापून घ्या. साधा ए-फोर कागद पुरे. खाली मुलाचं नाव आणि त्यानं सांगितलेलं एक वाक्य, आपण न सुधारता. क्रमांक नकोत. आणि लावताना भिंतीवर तीन फुटांवर लावा, मुलांना दिसतील असे. मोठ्यांना वाकावं लागेल, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी दोन खुर्च्या ठेवा.

एवढंच. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.