मोकदमी आणि नेतृत्व : एका शब्दयोजनेचें परीक्षण

परवां पुण्याच्या मंडईंत गाडीवरून पोतीं उतरत असतां एक हमाल दुसऱ्यास म्हणाला, "आधीं मुकादमास विचार, मग हात लाव." तो शब्द कानीं पडतांच नुकताच वाचलेला एक लेख आठवला. मराठेशाहींतील गांवगाड्यावरील त्या लेखांत 'मोकदमी' या वतनाचा अर्थ सर्वत्र 'गांवाचें नेतृत्व' असा केला आहे. हल्लीं ही शब्दयोजना इतरत्रही आढळूं लागली आहे. लेखकाचे श्रम मोठे आहेत यांत शंका नाहीं. परंतु हा अर्थ स्वीकारला असतां मूळ कागदांतील व्यवहार भलताच दिसूं लागतो, म्हणून त्याचा विचार करणें जरूर वाटतें.

मोकदम हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ 'पुढें केलेला, अग्रभागीं ठेवलेला'. 'मोकदमानि मौजे अमुक' असा मायना असलेलीं पत्रें दप्तरांत पैशाला पासरी सांपडतात, व तेथें मोकदम म्हणजे गांवचा पाटील. मराठींतील पुढारी हा शब्दही 'पुढार' या स्थलवाचक शब्दापासूनच निघाला आहे. दोहोंत कल्पना आहे ती जागेची. नेता याची गोष्ट निराळी. तो संस्कृत 'नी' धातूपासून आला. त्यांत नेणें ही क्रिया आहे, आणि ज्यांस न्यावयाचें ते लोकही गृहीत आहेत. धनंजयाच्या दशरूपकांत वस्तु व रस यांच्या जोडीला नेता येतो, तो नाटकाचा नायक म्हणून. गांवच्या कारभाराशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

आतां मोकदमीचे तंटे पाहावे. पोळ्याला बैल कोणाचा पुढें चालावा, होळीची पोळी आधीं कोणाची पडावी, विडा पहिला कोणास द्यावा, कागदावर नांगराची निशाणी कोणीं आधीं करावी, यांवरून भाऊबंद पिढ्यान् पिढ्या भांडत. गोतसभा बसत, महजर होत. जो मान मागितला जाई तो अक्षरशः 'पुढें' असण्याचा होता. शिवाय तें वतन होतें. त्यास इनाम जमीन व हक्क लागून असत. त्याची वांटणी होई, तें गहाण पडे, निमी पाटिलकी विकतही दिली जाई. वरील लेखाच्या परिभाषेंत हेंच लिहावयाचें तर अमक्यानें गांवाचें निमें नेतृत्व अमुक होनांस विकलें, असें लिहावें लागेल! लेखकानें खरेदीखतांचा उल्लेख केला आहे, पण त्या ठिकाणीं मात्र तो गुपचूप 'पाटिलकी' या शब्दाकडे वळतो. अर्थाची अडचण त्यास जाणवली होती, असें म्हणण्यास हें पुरेसें आहे.

दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही ऐकलें पाहिजे. दुष्काळानंतर रयतेस परत आणून गांव वसविणारे, सूट मागण्यास गांवकऱ्यांसह हुजूर जाणारे पाटील होते. हें नेणेंच होय. पण तो त्या त्या माणसाचा गुण. वतनाचें तें लक्षण नव्हे. परागंदा झालेला पाटील वर्षांनीं परतला तरी आपलें वतन मागे, व साक्षीमोझे पटल्यास तें त्यास मिळेही. मधल्या काळांत त्यानें कोणास कोठें नेलें, असें गोतानें विचारण्याचें कारणच नव्हतें.

'नी' धातूचा शब्द मराठ्यांच्या व्यवहारांत नव्हता असें नाहीं. शिवकालीन पायदळांत दहा माणसांवर एक नाईक असे, हें सभासदानें नोंदलें आहे. पण तो शब्द लष्करांतला. पुढें रामोशांत तो पदवी म्हणून राहिला; १८३२ सालीं पुण्यास फांशी गेलेल्या उमाजी नाइकाचें नांव सर्वांस ठाऊक आहे.

सार्वजनिक पुढारी एकोणिसाव्या शतकांतील सभा, वर्तमानपत्रें व नगरपालिका यांबरोबर उदयास आला, आणि त्याचीही कसोटी मंडईंतच घेतां येते. जोतीराव फुले १८७६ पासून नगरपालिकेचे सभासद असतां त्यांनीं या बाजाराच्या इमारतीवरील खर्चास विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें मत. सभासद त्यांच्या मागून गेले नाहींत. इमारत उठली, १८८६ सालीं गव्हर्नर रे यांच्या नांवें बाजार उघडला, आणि पुढें त्यालाच महात्मा फुले यांचें नांव मिळालें. त्या प्रसंगीं फुले पुढारी होते काय? पुढें होते यांत संशय नाहीं. नेते मात्र त्या सभेपुरते नव्हते. दोन शब्द एकच मानले तर ही गोष्ट सांगतांच येत नाहीं.

जवळच टिळकांचा पुतळा आहे. १९२४ सालीं मोतीलाल नेहरूंच्या हस्तें त्याचें अनावरण झालें. लोकांनीं टिळकांस दिलेली पदवी 'लोकमान्य'. तींत पुढें असणें नाहीं, नेणेंही नाहीं, केवळ लोकांचें मानणें आहे. वतनाच्या भाषेंत या कल्पनेस जागा नव्हती.

तेव्हां कागद छापतांना वा त्यांवर लिहितांना मोकदम हा शब्द तसाच ठेवावा, टीपेंत 'गांवचा पाटील' एवढेंच द्यावें. नेतृत्व हा शब्द योजावयाचा असेल तर कोण कोणास कोठें घेऊन गेला, याचा पुरावा त्याच पानावर असावा. प्रस्तुत लेखाच्या दुसऱ्या भागांत देशमुखीचा विचार येणार असें कळतें. तेथें तरी ही काळजी घेतली जावी.