‘बलुतं’: मानसिक आघात आणि आत्मसन्मान

दया पवार यांच्या ‘बलुतं’कडे (१९७८) केवळ सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहिल्यास त्याच्या निवेदनरचनेकडे दुर्लक्ष होते. येथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. वस्तुतः ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची. जातीय अपमानाने दुभंगलेले मन असे स्वतःचाच श्रोता होते. ज्युडिथ हर्मन यांनी (१९९२) आघातातून सावरण्याचे सुरक्षितता, स्मरण व शोक आणि पुनर्संबंध असे तीन टप्पे मांडले आहेत. दगडू दुसऱ्याच टप्प्यावर थांबतो. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधील ‘मी’ला शीर्षकापासूनच समूहाचा आधार आहे, दगडू मात्र एकाकी राहतो. म्हणूनच ‘बलुतं’ विजयगाथा ठरत नाही. तथापि लज्जा न लपविता उच्चारणे हाच आत्मसन्मानाचा प्रारंभ होय, याचा प्रत्यय ते निश्चित देते.